बिनमिठाचा समुद्र

सून : बाबा, ही बाटली नक्की कुठे भरलीत?

सासरे : समुद्रात! रोज पोहतो तिथेच, गुडघाभर पाण्यात उभं राहून. तूच सांगितलं होतंस तसं.

सून : मग यातलं मीठ कुठे गेलं?

सासरे : ...ओहोटी होती.

सून : ओहोटीला मीठ सुट्टीवर जात नाही, बाबा. आणि जंतू तर पोहण्याजोग्या पाण्याच्या चाळीस पट. वर माशांचे खवले.

सासरे : समुद्रात मासे असायचेच.

सून : खवले काढलेले?

सासरे : हे बघ, मी पडलो साधा ड्रॉइंगमास्तर, तोही रिटायर्ड. तुमच्या प्रयोगशाळेतलं मला कळत नाही. पाणी घाण आहे, एवढं खरं. लाव लाल झेंडा, कर उद्याची पोहण्याची शर्यत रद्द. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.

सून : लोकांच्या पोटाची एवढी काळजी कधीपासून? आमची गाडी बंद पडली म्हणून बाटली तुमच्या हाती दिली, तर तुम्ही मासळीबाजाराचं गटार भरून आणलंत! काल झाकण उघडलं आणि वासानेच कळलं. संध्याकाळी मी स्वतः जाऊन दुसरी भरली. समुद्र स्वच्छ आहे. झेंडा हिरवाच लागणार.

सासरे : तू माझी सून आहेस की त्या टेलरची?

सून : यात टेलरकाका कुठून आले?

सासरे : नऊ वर्षं हरवतोय त्याला शर्यतीत. यंदा चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर बोलून बसलो, हरलो तर मिशी उतरवीन.

सून : मग हरवा की दहाव्यांदा.

सासरे : दम पुरत नाही गं आता. मागच्या आठवड्यात निम्म्यातूनच परत फिरलो. छातीत धडधडत होतं. फार घाबरलो.

सून : आणि घरी आल्यावर दोनदा भात मागून घेतलात! बोलायचं नाही का?

सासरे : तुम्ही पोहणं बंद केलं असतं.

सून : केलंच आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. चपला घाला, आत्ताच जाऊ.

सासरे : वाटेत टेलरच्या दुकानाशी जरा थांबू.

सून : बहाणा काय सांगणार त्यांना?

सासरे : खरंच सांगतो. नाहीतर तो वेडा उद्या भर समुद्रात थांबून मला शोधत बसेल.