गडग्यावरच्या केळी

(श्रीवर्धनमधल्या एका वाडीतलं घर. सकाळची पडवी.)

कुमुद : घड तयार झाला होता म्हणून तोडलात? अहो, बोटाएवढी केळी होती ती! आणि बाजूच्या केळी तर अजून फुलल्याही नव्हत्या. त्या कशाला आडव्या केल्यात?

विश्वंभर : गडग्याच्या आत जमीन माझी, केळी माझ्या. तोडायला तुझी सही लागते?

कुमुद : सही नको, कारण सांगा.

विश्वंभर : वाडी साफ करत होतो.

कुमुद : जन्मभर शाळेत भूगोल शिकवलात. वाडी साफ करताना कधी दिसला नाहीत. आणि नेमक्या गडग्यावरच्याच केळी बऱ्या सापडल्या! पलीकडे अजेयची सुपारीची रोपं त्यांच्याच सावलीत होती. उद्या तालुक्याचे साहेब येणार. रोपं तरतरीत दिसली तर अनुदानाचा पुढचा हप्ता, नाहीतर बिचाऱ्याची नर्सरी बुडाली.

विश्वंभर : बिचारा म्हणे! माझा चुलतभाऊ असला म्हणून काय झालं? पनवेलची नोकरी सोडून आला तेव्हा पोफळ कुठली नि माड कुठला, ते मला विचारत होता. आता दारात पाटी काय, सरकारी गाडी काय, साहेबांना पोहे काय!

कुमुद : वादळात दोन्ही वाड्या झोपल्या. योजना तुम्हालाही होती. तुम्हीच म्हणालात, कचेरीत हात पसरणं आमच्या घरात नाही.

विश्वंभर : नाहीच मुळी! पण म्हणून पेपरात त्याचा फोटो यावा? तोही आमच्या बाबांनी लावलेल्या पोफळीखाली? वादळात ती एकटी उभी राहिली. झाड माझं, बी माझं, आणि दात काढून उभा कोण, तर अजेय!

कुमुद : त्याच्या रोपांना सुपारीचं बी मी दिलं, तुम्हाला विचारून दिलं. आणि फोटोच्या वेळी किती हाका मारल्या त्याने. तुम्ही न्हाणीघरात जाऊन बसलात.

विश्वंभर : दाढी वाढली होती माझी.

कुमुद : दाढीचं सोडा. पोटात काय होतं ते सांगा.

विश्वंभर : जळतं, कुमुद. ऐकायचंय ना तुला? सकाळी रोपांना पाणी घालताना तो शीळ वाजवतो, ती ऐकूनसुद्धा जळतं. झालं समाधान?

कुमुद : जळायचं तर तुम्ही जळा हो, त्या रोपांनी काय केलंय? हळू आता, तोच येतोय.

अजेय : वहिनी, ही केळी ठेवा. गडग्यापाशी पडली होती. कोवळी आहेत, पण भाजीला होतील. वानरं आली होती वाटतं.

कुमुद : रोपं कशी आहेत रे?

अजेय : कालच्या उन्हानेच शेंडे करपायला लागलेत. सावलीची जाळी घ्यायची ती पुढच्या हप्त्यातूनच. आजचं ऊन खाल्लं, तर उद्या साहेबांना दाखवू काय? नोकरीपण सोडून बसलोय.

विश्वंभर : वानरं नव्हती.

अजेय : माहीत आहे, विशूदादा. वानर बुंध्यातून इतकं सरळ कापत नाही.

कुमुद : बस जरा. चहा टाकते.

अजेय : नको वहिनी, ऊन चढतंय. दादांकडे झावळ्या मागायला आलो होतो. आडोसा करतो.

विश्वंभर : मागतोस काय? विहिरीमागे रचल्यात, ने हव्या तेवढ्या. आणि हे बघ, आधी नैऋत्येकडून लाव. दुपारनंतरचं ऊन पोफळीच्या रोपाला मारतं. नैऋत्य कुठे ते कळतं का? नाही कळणार तुला. थांब, मी येतो.

अजेय : या.

कुमुद : अहो, कोयता घेऊन कुठे?

विश्वंभर : झावळ्या छाटायला नकोत?

कुमुद : मग तो अजेयच्या हातात द्या.