राफीला बरोबर का नेलं

नाव मर्जिना, वडील तोफज्जल, आडनाव माझी, मयत. वय ठाऊक नाही, दिसण्यावरून अंदाजे अकरा. धंदा घरकाम. राहणार मीरपूर, ढाका. मूळ गाव भोला जिल्ह्यात.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी शिरीन खालाम्मांच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, घरी राहून काम करते. त्या आणि खालू, म्हणजे त्यांचे नवरे, दोघेही नोकरीला जातात. जाताना बाहेरून कुलूप लावतात. त्यांचा मुलगा राफी दहा महिन्यांचा आहे. तो दिवसभर माझ्याजवळ असतो.

कामाला लागल्यापासून मी आईला पाहिलेलं नाही. या ईदलाही विचारलं. खालाम्मा म्हणाल्या, "तू गेलीस तर राफीला कोण बघेल? पुढच्या ईदला जा."

आज सकाळी कुलूप लावायचं राहून गेलं. आईकडे जायला मी माझे कपडे घेऊन जिन्यापर्यंत गेले. आत राफी रडायला लागला. घरात दुसरं कोणी नव्हतं आणि तो रांगत गॅसपाशी जातो. म्हणून परत जाऊन त्याला ओढणीनं कमरेशी बांधलं. त्याची दुधाची बाटली घेतली. त्यांच्या घरातलं आणखी काही घेतलं नाही.

गावाकडची बोट सुटते त्या सदरघाटावर अंडी विकणाऱ्या बाईनं विचारलं, "कुणाचं गं हे लेकरू?"

मी म्हटलं, "माझा भाऊ."

"भाऊ असा गुबगुबीत, आणि तू अशी वाळलेली? एकाच घरात जेवता ना गं?"

भाऊ म्हटलं ते खोटं होतं. तिनं पोलिसांना बोलावलं.

ठाण्यात खालाम्मा आल्या. "पोर पळवते मेली!" म्हणाल्या. राफी माझा खांदा सोडेना.

हातावरच्या डागाबद्दल विचारलं असता सांगते की, तो इस्त्रीचा आहे. कसा पडला ते खालाम्मांसमोर सांगितलं नाही. पोलीस नसरीन आपांनी त्यांना बाहेर बसवलं. मग सांगितलं. ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे.

आपांनी गावातल्या दुकानात फोन लावून आईला तिथं बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्या बाईचा जीव अर्धा झाला असेल गं. आधी तिचं लेकरू तिला दे. मग तू ये. मी घ्यायला निघते."

त्याप्रमाणे मी राफीला खालाम्मांच्या हातात दिलं. त्याची बोटं मीच सोडवली.

हे सगळं मला बंगालीत वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. सही येत नाही, अंगठा देते.