कुंकू लागलेली फ्लॉपी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती मार्तंडराव, सौ. यमुताई आणि सोनेगाव विमानतळाच्या हँगरमध्ये हात काळे करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

युनियनचा माणूस तपासणी अधिकाऱ्याचे गुण गायला उभा राहिला, म्हणून पुढच्या रांगेत कुजबुज चालली आहे. चालू द्या! या गृहस्थांनी आम्हाला आयुष्यभर नकार दिले, आणि आज मला त्यातल्याच एका नकाराचा अभिमान सांगायचा आहे.

विमानात संगणक आला, तेव्हा आपण त्याला टाइपरायटरचा धाकटा भाऊ समजलो. त्याला हवाईमार्ग शिकवायचे ते फ्लॉपीवरून. त्याच फ्लॉपीतून कुणी मुद्दाम बिघाडाचा विषाणू, म्हणजे व्हायरसही घुसवू शकतो, हे मार्तंडरावांनी वाचलं आणि नियम केला: विमानाची फ्लॉपी कुलपात राहील, देखरेखीविना बाहेर राहिली, की बाद. आम्ही हसलो. "फ्लॉपीले पडसं होते काय, साहेब?"

मग आली खंडेनवमी. पाने, हातोडे, जॅक, सगळी अवजारं पूजेला मांडली. आमच्या ओमप्रकाशला वाटलं, सर्वांत मोठं अवजार तर ही फ्लॉपी! त्याने ती कुलपातून काढून, कुंकू लावून, पूजेत ठेवली. दिवसभर हँगर दर्शनाला खुला.

दसऱ्याला मुंबईचं विमान प्रवाशांनी भरलेलं. नवे मार्ग भरल्याशिवाय ते हलणार नव्हतं, आणि मार्तंडराव आडवे उभे.

मॅनेजर कडाडले, "देवाजवळची फ्लॉपी आहे, काहून अडवता?"

"देवावर भरवसा आहे, साहेब. दर्शनाले कोण कोण आलं, ते मले माहीत नाही."

"तुमची बढती माझ्या हातात आहे, हे तरी माहीत आहे?"

"आहे. मुंबईहून नवी फ्लॉपी मागवा."

ओमप्रकाश रडकुंडीला आला. मार्तंडराव त्याला म्हणाले, "तुही श्रद्धा होती गा. पण ती विमानात भरता येत नाही."

विमान संध्याकाळी उडालं. मागाहून ती फ्लॉपी तपासली. काय निघालं? काही नाही! लोक म्हणाले, पाहा, उगाच अडवलं. मी विचारतो, घरात चोरी झाली नाही म्हणून आपण कुलपाला शिव्या देतो का?

बढती गेली ती गेलीच. त्या दिवशीच्याच खुर्चीवरून हा माणूस आज निवृत्त होतो आहे. पण त्यांचा नियम आज आपल्या कंपनीच्या प्रत्येक हँगरमध्ये चालतो, मित्रांनो! सांगा, कोणती बढती याहून मोठी?

शाल-श्रीफळासोबत आम्ही तीच फ्लॉपी काचेच्या पेटीत घालून आणली आहे. ओमप्रकाश, दे गा त्यांच्या हातात. काय म्हणता, मार्तंडराव? पेटीले कुलूप आहे का? आहे, साहेब! किल्ली यमुताईंजवळ दिली आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. मार्तंडरावांकडे मात्र मी माफी मागत नाही. ते नियम दाखवतील.