भोपळ्याची जात

डॉक्टर : हे कार्ड कोणी लिहिलं, अण्णा?

अण्णा : कुठलं?

डॉक्टर : मान वर करून बोला. सात नंबरच्या पिंजऱ्यावरचं. ‘लॅब्राडॉर, मिश्र. स्वभाव शांत.’

अण्णा : शांतच आहे की तो.

डॉक्टर : मी लॅब्राडॉरचं विचारतेय.

अण्णा : काळा आहे. कान पडलेले आहेत.

डॉक्टर : काळी तर माझी स्कूटरही आहे. सहा वर्षं या शेल्टरची डॉक्टर आहे मी. पिट बुल ओळखता येत नाही होय मला? ते डोकं बघा, तो जबडा बघा. भोपळ्या हे नाव तुम्हीच ठेवलंत ना?

अण्णा : डोकं भोपळ्याएवढं आणि आत मेंदू वाटाण्याएवढा, म्हणून ठेवलं. प्रेमाने.

डॉक्टर : कार्ड बदला.

अण्णा : डॉक्टर, आज साठ दिवस झाले त्याला.

डॉक्टर : माहीत आहे.

अण्णा : अठ्ठावन्न दिवस खऱ्या जातीचं कार्ड होतं. माणसं यायची, हा जाळीशी येऊन शेपटी हलवायचा, ‘अगं, किती गोड’ म्हणायची. मग कार्ड वाचायची आणि पोरांना मागे ओढायची. परवा कार्ड बदललं आणि कालच फोन आला. एक बाई येतायत तीन वाजता. चार वाजता तुम्ही सुई घेऊन येणार. मधला तेवढा एक तास माझ्या पदरात टाका.

डॉक्टर : नियम मी केलेला नाही. जागा बावीस कुत्र्यांची, आहेत एकतीस. झुंजीच्या जातीच्या कुत्र्याला साठ दिवसांत घर मिळालं नाही तर...

अण्णा : पुढचं बोलूच नका.

डॉक्टर : आणि घर द्यायला मनाई कुठाय? लाल फॉर्म आहे. ही जात काय आहे ते मला माहीत आहे, असं लिहून द्यायचं आणि सही करायची.

अण्णा : सहा वर्षांत लाल फॉर्मवर किती सह्या झाल्या?

डॉक्टर : एक.

अण्णा : तीही माझीच. वाघ्याला घरी नेलं तेव्हाची. वाघ्या नसता ना, तर यालाही नेला असता. पण हा वाघ्याला उभा फाडेल.

डॉक्टर : हे तुम्हाला कळतं, मग त्या बाईंना कळायला नको? माणसांच्या कुशीत शिरतो, कबूल. पण याच्या वाडवडलांना दुसऱ्या कुत्र्यांशी झुंजायलाच वाढवलंय. त्या बिचाऱ्या लॅब्राडॉर समजून याला बागेत मोकळा सोडतील. समोरून कोणाचं तरी एवढंसं पिल्लू येईल. याने एकदा धरलं की सोडत नाही, अण्णा.

अण्णा : मी सांगेन त्यांना हळूहळू. आधी जीव तरी लागू दे.

डॉक्टर : तपकिरीच्या वेळीही हेच म्हणाला होतात.

अण्णा : तिचं नाव काढू नका.

डॉक्टर : ‘बॉक्सर’ लिहून दिलीत तिला. खरी जात कळली आणि नवव्या दिवशी परत आली.

अण्णा : शेवटच्या सुईला मीच धरलं होतं तिला. मला बघून शेपटी हलवत होती हो. तिला वाटलं, मी न्यायला आलोय. मला पुन्हा नाही जमणार ते, डॉक्टर. हात जोडतो तुमच्यापुढे.

डॉक्टर : मी गप्प बसेन. पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

(शेल्टरचं मागचं अंगण. बाकाच्या एका टोकाला पाहायला आलेल्या बाई, दुसऱ्या टोकाला अण्णा, मधे भोपळ्या. डॉक्टर मागे दाराशी.)

बाई : दोरी घट्ट धरलीय ना?

अण्णा : दोन्ही हातांनी.

बाई : हसू नका हं. एकोणीस वर्षं घरोघरी टपाल वाटते मी. सात वेळा कुत्रं चावलंय. ही पोटरी बघा, हा डॅशहुंड. मूर्ती लहान पण कीर्ती महान. मनगटावर हे पॉमेरेनियन. एकदा अल्सेशियन, पण त्याने आधी भुंकून कळवलं होतं. सज्जन बिचारा.

अण्णा : आणि कोपरापाशी हे केवढं?

बाई : हा शेवटचा. चौदा महिने झाले. लॅब्राडॉर.

अण्णा : लॅब्राडॉर?

बाई : मालकीण आतून ओरडत होती, ‘काही करत नाही हो तो, लॅब्राडॉर आहे!’ सतरा टाके पडले. तेव्हापासून फाटक दिसलं की माझा पाय जागचा हलत नाही. पत्रं तशीच परत आणते. साहेब म्हणालेत, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर घरी बसा. घरी कोण आहे माझ्या? चार भिंती.

अण्णा : मग परत लॅब्राडॉरच कशाला?

बाई : सगळं जग म्हणतं ना, याच्याइतकं भलं कुत्रं नाही. म्हटलं, ज्या दाराने भीती आत आली त्याच दाराने तिला बाहेर घालवू. याच्याशी नाही जमलं तर मग कोणाशीच नाही. अहो, हा काय करतोय?

अण्णा : टेकतोय.

बाई : माझ्यावर?

अण्णा : माणूस आवडलं की सगळं वजन टाकतो अंगावर. बाजूला घेऊ का?

बाई : नको. थांबा. किती गरम आहे हा. आणि डोकं केवढं! हात लावू?

अण्णा : कानामागे लावा. तिथे आवडतं त्याला.

बाई : चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुत्र्याला हात लावतेय मी. रडू का येतंय कोण जाणे. मी ना, याला रोज संध्याकाळी आमच्या समोरच्या बागेत नेईन. तिथे सगळे आपापली कुत्री मोकळी सोडतात...

अण्णा : नको.

बाई : काय नको?

अण्णा : मोकळा नका सोडू. कधीच नका सोडू. बाई, हा लॅब्राडॉर नाही.

बाई : म्हणजे?

अण्णा : पिट बुल आहे. कार्डावर मी खोटं लिहिलं. दुसरं कुत्रं दिसलं की याच्या अंगात येतं. माणसाला कधी दात लावला नाही, शपथ घेतो. पण आता माझ्या शपथेला कोण विचारतो?

बाई : दोरी धरा! आधी धरा ती!

अण्णा : धरलीय.

बाई : माझा हात मघापासून त्याच्या तोंडाशी... मी तुम्हाला सात जखमा दाखवतेय आणि तुम्ही ऐकत बसलात! जिवाला काही वाटलं नाही?

अण्णा : वाटलं. म्हणून तर बोललो.

बाई : कुठायत त्या डॉक्टर? डॉक्टर!

डॉक्टर : इथेच आहे.

बाई : खरं आहे हे?

डॉक्टर : खरं आहे.

बाई : तुम्हाला ठाऊक होतं?

डॉक्टर : होतं. चुकलं माझं.

बाई : त्या लॅब्राडॉरच्या मालकिणीपेक्षा तुम्ही दोघं वाईट. तिला निदान ते खरं तरी वाटत होतं.

डॉक्टर : अण्णा, पावणेचार झाले. त्याला आत घ्या.

अण्णा : घेतो. चल रे भोपळ्या. ऊठ. ऊठ बाळा.

बाई : आत म्हणजे कुठे? डॉक्टर, तुमच्या हातात काय आहे ते?

डॉक्टर : तुम्ही निघा आता.

बाई : मी काय विचारलं?

डॉक्टर : चार वाजता याचं शेवटचं इंजेक्शन आहे.

बाई : का? काय केलं याने?

डॉक्टर : काही नाही.

बाई : कोणाला चावला?

डॉक्टर : नाही.

बाई : मला चावलेला तो लॅब्राडॉर अजून रोज सकाळी फिरायला जातो.

अण्णा : जा हो तुम्ही. पाप माझं आहे, तुमच्या डोक्याला ताप नको. हा उठत का नाहीये?

बाई : झोपलाय. माझ्या पायावर.

अण्णा : ओढतो मी त्याला.

बाई : ओढू नका. आणि तुमच्याशी मी बोलत नाहीये. डॉक्टर, आता एक शब्द न गाळता सांगा. याला सांभाळायचं म्हणजे काय काय करायचं?

डॉक्टर : बाहेर नेताना तोंडाला मुसकी, दोरी कायम हातात. बाग नाही, दुसरं कुत्रं पाळायचं नाही. लोक तुम्हाला बघून पलीकडच्या बाजूने जातील, नको ते बोलतील. आणि लाल फॉर्मवर सही करावी लागेल.

बाई : मला चावेल?

डॉक्टर : कधीच चावणार नाही, असं मी कुठल्याच कुत्र्याबद्दल सांगणार नाही.

बाई : चला, एक तरी माणूस खरं बोललं.

डॉक्टर : तुम्हाला अजून भीती वाटतेय, बाई.

बाई : वाटतेय काय! जीव मुठीत धरून बसलेय मी इथे.

डॉक्टर : मग नीट विचार करा.

बाई : किती वाजले?

डॉक्टर : चारला पाच कमी.

बाई : फॉर्म इकडे घेऊन या. मला उठता येत नाही.

अण्णा : बाई...

बाई : तुम्ही दोरी सोडू नका. डॉक्टर, सही वाकडी आली तर चालेल ना?