यारंबात पहिली लस कुणी टोचली?

...आणि वर मलाच म्हणतात, "सिस्टर, उगाच वाद घातलात!" उगाच? अहो, तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या या यारंबा गावाचे दंड मी टोचलेत, गोवर म्हणू नका, धनुर्वात म्हणू नका! शुक्रवारी आमच्या बोलिंग क्लबात जो माइक घेऊन मिरवत होता ना, तो नेव्हिल, त्याला पाच वर्षांचा असताना मी शाळेच्या कपाटामागून पाय धरून ओढून काढलाय आणि टोचलाय... आणि तो मला सांगणार, यारंबात कोविडची पहिली लस कुणी टोचली ते?

तर झालं काय, महिन्यातून एकदा क्लबात प्रश्नमंजुषा असते, आणि बक्षीस काय, तर खाटकाकडचं मांसाचं तबक! मेंढीच्या चॉप्स, सॉसेज, वर शोभेला हिरवी काडी. हसू नका, त्या तबकापायी इथे सख्ख्या जावा एकमेकींशी बोलत नाहीत. माझा नवरा मर्व्ह आमच्या टेबलाचा कॅप्टन, आणि अकरा महिने ते तबक त्याला हुलकावणी देतंय. या खेपेला विषय काय? तर साथीचे रोग आणि लसी! मर्व्हने दारातच माझी पाठ थोपटली. "ग्लेंडा, आज तबक आपलं."

आणि आपलंच होतं हो! स्पॅनिश फ्लूचं मूळ स्पेनमध्ये का? नाही! देवीची लस कुणाच्या हातावरचे फोड बघून सुचली? गवळणींच्या! एकोणीसशे साली सिडनीत प्लेग आला, तेव्हा सरकार कशाचे पैसे मोजत होतं? मेलेल्या उंदरांचे! आमच्या टेबलावरची नोरीन म्हणते, "मेलेल्या मांजरांचे लिही." म्हटलं, बाई गं, मांजरांचे मोजले असते, तर प्लेग अजून इथेच मुक्कामाला असता!

मग आला शेवटचा प्रश्न. नेव्हिल घसा खाकरून म्हणतो, "आपल्या गावाचा प्रश्न! यारंबात कोविडची पहिली लस कुणी टोचली?"

माझ्या अंगावर काटा आला. अहो, मी! मीच! एकशे ऐंशी किलोमीटर गाडी हाकून मी त्या लसी आणल्या. बाहेर चाळीस डिग्री ऊन, आणि आत गाडीचा एसी फुल्ल लावून मी लोकरीचा स्वेटर घालून कुडकुडतेय, कारण लसींचा डबा तापायला नको! आल्या आल्या क्लॅरी म्हातारबाला टोचली, वय वर्षं एक्क्याण्णव. आणि टोचून झाल्यावर पेपरचा फोटोग्राफर धापा टाकत हजर. "अरेरे, झालं पण?" झालं! मग त्याने फोटोसाठी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हॅलोरनच्या हातात रिकामी सिरिंज दिली, क्लॅरीची बाही पुन्हा वर केली, आणि मला काय म्हणावं त्या मेल्याने? "सिस्टर, जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय!"

तर मी मर्व्हला म्हणते, लिही, ग्लेंडा. आणि हा लिहितो... डॉक्टर हॅलोरन!

"अरे मर्व्ह, मी टोचली ना!"

"मला माहितीये गं. त्या दिवशी तुझा स्वेटर मीच वाळत घातला होता. पण नेव्हिलने उत्तर पेपरातून उचललं असणार. खरं काय ते कोण विचारतंय? कागदावर असेल तेच बरोबर!"

सदतीस वर्षं संसार केलाय हो या माणसाशी!

आणि नेव्हिलने कागद उलगडला आणि वाचलं, "डॉक्टर हॅलोरन!" आमच्या टेबलावर आरडाओरडा, नोरीनने नाच केला, आम्ही एका गुणाने पुढे! मर्व्ह अर्धा उठलासुद्धा, हात तबकाकडे... आता शहाण्या बाईने काय केलं असतं? चॉप्स घेतल्या असत्या, घरी गेली असती. पण मला लागलं हो. खरंच लागलं. फोटोतून बाजूला केलं, ठीक. आता गावाच्या आठवणीतूनपण बाजूला व्हायचं? मी उठले. "नेव्हिल, उत्तर चूक आहे!"

"अहो सिस्टर, तुमचंच उत्तर बरोबर आलंय! तुम्ही जिंकलात! भांडताय कुणाशी?"

"लस मी टोचलीये!"

"माझ्या कागदावर नाहीये. आणि कागदावर आहे तेच बरोबर!"

मर्व्ह खालून माझा झगा ओढतोय, "खाली बस, ग्लेंडा, चॉप्स... चॉप्स..." म्हटलं, थांबा, साक्षीदार आहे! क्लॅरी, तूच सांग, तुला कुणी टोचलं? आणि तो क्लॅरी, ज्याच्यासाठी मी उन्हाळ्यात थंडीने काकडले, तो बिअर खाली ठेवून म्हणतो, "मी डोळे मिटले होते."

आणि तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून डॉक्टर हॅलोरन उभे राहिले. शांत, गंभीर. "सिस्टर खरं बोलतायत. मी फक्त फोटोपुरता होतो. आमच्या टेबलाने तर 'सिस्टर ग्लेंडा' हेच उत्तर लिहिलंय. नेव्हिल, ते तुम्ही चूक धरलंत."

नेव्हिलने त्यांचा कागद पाहिला, डोकं खाजवलं, आणि माइकवर म्हणाला, "उत्तर बदलण्यात येत आहे." आता हिशेब करा तुम्हीच. आमचा एक गुण गेला, डॉक्टरांचा एक वाढला, आणि तबक... तबक डॉक्टरांकडे!

आणि क्लब उभा राहून टाळ्या वाजवतोय! कुणासाठी? "काय मोठ्या मनाचा माणूस! स्वतःचं नाव खोडलं!" अहो, त्याने मोठ्या मनाने चॉप्स नेल्या! माझं नाव लिहून चॉप्स नेल्या! आणि माझ्याच टेबलाने माझं नाव लिहिलं नाही म्हणून आम्ही हरलो! पण नोरीन मला काय म्हणाली? "एवढं कशाला ताणायचं, ग्लेंडा? कागदावर होतं तेच बरोबर होतं."

घराच्या फाटकाशी आल्यावर मर्व्हने किल्ली काढली, आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात विषय रेल्वेचा आहे. त्यात तू पहिल्यांदा काही केलं असशील, तर आत्ताच सांगून टाक."

मी म्हटलं, काही नाही रे बाबा. काहीसुद्धा नाही. यारंबाहून सुटलेल्या शेवटच्या गाडीचं शेवटचं तिकीट कुणी काढलं होतं, ते तुम्हाला म्हणून सांगते, मीच... पण क्लबात विचारलं ना, तर मी डॉक्टर हॅलोरन लिहिणार आहे!