मंगळवारची रांग

मंगळवारी सकाळी डोंगरावर स्कीला नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची बारावीतली मुलगी उभ्या होत्या.

"ब्रिन, कॉलेज शिकायला निवडतात, घसरायला नाही."

"अगं आई, वसतिगृहापासून हा डोंगर बारा मिनिटांवर आहे!"

"आणि ग्रंथालय?"

"असेल ना कुठेतरी."

"म्हणे, बर्फ पडला की इथले मास्तरही वर्गावर फिरकत नाहीत. तसं निघालं तर तुझा फॉर्म फाडून टाकीन. थांब, विभागप्रमुखांनाच फोन लावते."

रांगेत पुढे एकाचा खिसा वाजला. त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला.

"हॅलो, प्राध्यापक हालवरसन बोलतोय."

"सर, माझ्या मुलीला तुमच्याकडे प्रवेश हवाय. आत्ता तुमचा तास चालू आहे का?"

"तास दुपारी घेणार. रात्री हातभर बर्फ पडलाय, सकाळी वर्गात येतंय कोण?"

"आई, ते बघ, पुढे तेच आहेत!"

"अहो सर, मागे वळा! आज मंगळवार आहे, काही वाटतं का?"

"मंगळवारच आहे, बाई. मग मुलीची शाळा?"

"शाळेत कळवलंय. तिचा... दात दुखतोय."

"अरे वा. माझाही."

"ब्रिन, फॉर्म कधीपर्यंत भरायचाय गं?"