सगळ्यांना दिसणारं कुलूप

इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार करते. मंदार माझा पुतण्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आमचा मुलगा गेला. ज्याच्या बारशाला मी पाळणा म्हटला, त्याच्या शोकसभेत बोलायचं? दत्तगुरू, आता तुम्हीच माझ्याकडून वदवून घ्या.

तो काय काम करायचा, हे आपल्या भजनी मंडळातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. इथेच सयाजीगंजात त्याचं आणि त्याचा भागीदार हार्दिकचं छोटं ऑफिस आहे. हार्दिक बेटा, तू समोरच बसलायस. लोक फोनमध्ये क्रिप्टोचे पैसे ठेवतात ना, ते ठेवायचं पाकीट हे दोघे बनवायचे. मी मॅट्रिक झालेली बाई. घरचा आणि मंडळाचा हिशेब लिहिते. मला तो म्हणाला होता, "काकू, तुम्ही यात एक रुपयाही घालू नका. तुम्हाला झोप लागणार नाही." बनवणाराच असं सांगतो! असा तो.

त्या पाकिटाचा कोड, म्हणजे ते ज्या लिखाणावर चालतं ते, त्यानं इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. कोणीही वाचावं. मी चिडले. म्हटलं, "अरे, तिजोरीचं आतलं कोणी असं चव्हाट्यावर मांडतं का?"

"काकू, किल्ली ज्याची त्याच्याजवळ. मी फक्त कुलूप कसं केलंय ते दाखवतो."

"मग चोर नाही शिकणार?"

"चोर कसाही बघणारच. झाकून ठेवलं तर तो एकटाच बघेल. उघडं ठेवलं तर भली माणसंही बघतील."

आणि बघितलंच. परदेशातल्या कुणा अनोळखी मुलीनं तो कोड वाचून त्यातली मोठी चूक दाखवली. लोकांचे पैसे गेले असते. त्याआधीच यानं ती दुरुस्त केली. संध्याकाळी स्वारी पेढे घेऊन दारात! मी विचारलं, "काय रे, मोठं काम मिळालं?" तर म्हणतो, "नाही काकू, माझी चूक सापडली." हार्दिक मागे उभा राहून हसत होता, "काकी, आ तो साव पागल छे!" अगदीच वेडा, म्हणे. मी म्हटलं, "चुकांवर पेढे वाटायला लागलास तर संसार कसा चालायचा?" तरी देवापुढे एक ठेवलाच.

आता मंदार गेल्यानंतरची, परवाची गोष्ट. एक कंपनी हार्दिककडे आली. पाकीट विकत घेते म्हणाली, पण यापुढे कोड बंद. आतलं फक्त त्यांनीच बघायचं. हार्दिक माझ्याकडे आला. "काकी, तमे हिशेबाच्या माणूस. नीरजाभाभीला मोठा आधार होईल. काय करू?"

खरं सांगते, माझं मन 'घे' म्हणत होतं. नीरजा मंदारची बायको, पदरात लहान मुलगी. आणि झाकलेलं सगळंच काही खोटं नसतं. मीसुद्धा घरात चार गोष्टी झाकूनच ठेवते.

मग नीरजालाच विचारलं. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "काकू, माझ्या पगारात आम्हा दोघींचं भागेल. पण आता चूक निघाली तर दुरुस्त करायला मंदार नाही. निदान बघणारे तरी असू देत."

मला ते पटलं.

तर हार्दिक, घरच्यांचं उत्तर 'ना' आहे. ओझं तुझ्यावर पडेल, ठाऊक आहे. एकट्यानं उपाशीतापाशी काम करू नकोस. दुपारचा डबा माझ्याकडून येईल.

आणि मागे त्याच्या कामातली मुलंमुली उभी आहेत, त्यांना सांगते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, अशी आपली रीत. ती आम्ही पाळू. तुम्ही मात्र त्याचं लिखाण वाचा आणि त्यातल्या चुका काढा. तो गेला म्हणून संकोच करू नका. त्याला तो संकोच मुळीच आवडला नसता.

आता सगळ्यांनी उभं राहून, दोन मिनिटं मनात आपापल्या देवाचं नाव घ्या.

मंदार, बाळा, काकूचा आशीर्वाद घेऊन जा. इथलं आम्ही सगळे बघतो.